सीओपीडीत व्हे, बीसीएए, एनएसी की घरचे ताट: कोणी काय निवडावे?

सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्या माणसाचे वजन उतरू लागले की घरचे लोक पावडरच्या शोधाला लागतात. नागपुरात गांधीबागेच्या औषध बाजारात विचारले तर व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतले प्रथिन), बीसीएए (तीन शाखायुक्त अमिनो आम्लांची पावडर), एचएमबी (ल्युसीन या अमिनो आम्लापासून बनणारा पदार्थ) घातलेले तयार पूरक आहार आणि एनएसी या कफ पातळ करणाऱ्या औषधाच्या फसफसणाऱ्या गोळ्या, सगळेच समोर येते. या सगळ्यांचे नाते अमिनो आम्लांशी, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांशी आहे, पण कामे अगदी वेगळी आहेत. म्हणून पैसे काढण्याआधी एवढेच ठरवा: मुख्य तक्रार हातापायांतली ताकद जाण्याची आहे, की चिकट कफ आणि वरचेवर बिघडणाऱ्या छातीची? पहिल्या तक्रारीवर एनएसी चालत नाही आणि दुसरीवर व्हे चालत नाही.

आधी मोजमाप

पाठ टेकवायच्या साध्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घडी करा आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर मांडीचे स्नायू कमजोर आहेत असे धरावे. पोटरीचा घेर टेपने सर्वांत जाड जागी मोजा: पुरुषांत 34 सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत 33 पेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. हे आशियाई लोकांसाठी ठरवलेले निकष आहेत. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी उतरले, म्हणजे 50 किलोच्या माणसाचे अडीच किलो गेले, तरी ती धोक्याची खूण आहे. पायांवर सूज असेल तर मात्र वजन आणि पोटरी दोन्ही फसवतात. सुजेच्या पाण्याखाली स्नायू झडलेले लपतात.

वजन उतरतेय म्हणजे प्रथिनेच कमी पडताहेत असे परस्पर ठरवू नका. खोकला आणि वजन घटणे एकत्र असेल तर आधी थुंकीची टीबी तपासणी. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत ती सरकारी कार्यक्रमात मोफत होते. थुंकीत रक्त असेल तर कोणताही डबा उघडण्याआधी डॉक्टर गाठा.

स्नायू का झडतात

या आजारात श्वास घेण्याचे कामच जास्त ऊर्जा खाते. त्यात शरीरात सतत मंद दाह, दम लागतो म्हणून कमी झालेली हालचाल आणि आजार भडकला की तोंडाने घेतलेले स्टिरॉइड, हे सगळे मिळून स्नायूंतले प्रथिन तोडतात. वजन कमी झालेल्या रुग्णांच्या रक्तात ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन ही शाखायुक्त अमिनो आम्ले कमी आढळतात. बीसीएएची सगळी जाहिरात इथूनच निघते. पण रक्तात कमी आहे म्हणून तेवढेच बाहेरून भरले की स्नायू तयार होतो, असे नाही.

घरचे ताट

निरोगी भारतीय प्रौढासाठी शिफारस आहे किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनांची. जुनाट आजार असलेल्या वयस्क माणसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात. 50 किलोच्या माणसासाठी हे झाले रोज 60 ते 75 ग्रॅम.

आता आपले नेहमीचे शाकाहारी जेवण धरा. सकाळी पोहे, वर थोडी चण्याची तर्री: साधारण 5 ग्रॅम. दिवसभराच्या चहातले दूध: 3. दुपारी दोन पोळ्या, वरण, भात, भाजी: 18. रात्री थोडे कमी: 16. बेरीज 42. म्हणजे रोज 20 ते 30 ग्रॅमचा खड्डा, आणि दम लागतो म्हणून अर्धी पोळी ताटात राहिली तर त्याहून मोठा.

हा खड्डा घरात भरता येतो. 30 ग्रॅम कोरड्या सोयावडीत 15 ग्रॅम प्रथिने असतात, पाव लिटर दुधात 8, दोन अंड्यांत 12 आणि 100 ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये सुमारे 21. सोयावडी आणि दूध जोडले की वरच्या 42 चे 65 होतात. सावजी रश्श्यातले चिकन मात्र टाळलेले बरे. तेल-तिखटाने आम्लपित्त वर आले की खोकला वाढतो.

डाळ आणि धान्य एका ताटात का हवे, तेही बघा. ज्वारीत ल्युसीन भरपूर पण लायसिन कमी. तुरीत लायसिन चांगले पण मेथिओनिन कमी (ही तिन्ही अमिनो आम्लेच). भाकरी-वरण एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरते. विदर्भात स्वस्त मिळते म्हणून लाखोळीची डाळ रोजची करू नका. तिच्यात ओडॅप नावाचे विषारी अमिनो आम्ल असते, आणि महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो.

ताटाची अडचण एकच: पोट भरले की फुगलेल्या छातीखाली श्वासाच्या पडद्याला (छाती आणि पोटामधल्या स्नायूला) जागा उरत नाही आणि दम वाढतो. म्हणून तीनऐवजी पाच-सहा लहान जेवणे, जेवणाआधी कफ काढून टाकणे, आणि प्रथिनाचा पदार्थ आधी, भात शेवटी. हे करूनही ताट संपत नसेल तरच पावडरचा विचार करा.

व्हे विरुद्ध बीसीएए

आमचे मत स्पष्ट आहे: या दोनांत व्हे घ्या, बीसीएए सोडा. शरीराला बाहेरून लागणारी अमिनो आम्ले नऊ आहेत. बीसीएएत त्यातली तीनच. ल्युसीन स्नायू बांधायचा हुकूम देते, पण बाकीची सहा मिळाली नाहीत तर शरीर ती स्वतःच्याच स्नायूंतून ओढते. विटांविना गवंडी लावल्यासारखे ते होते. व्हेमध्ये नऊही असतात, आणि त्यातल्या प्रथिनाचा साधारण दहावा भाग ल्युसीन असतो. वयस्क स्नायूला जागे करायला एका वेळी अडीच ते तीन ग्रॅम ल्युसीन लागते असे मानतात; 24-25 ग्रॅम प्रथिन देणाऱ्या, डब्यातल्या मापाच्या एका चमच्यात ते जवळपास पूर्ण मिळते. दोन अंड्यांत ते एक ग्रॅमच्या आसपास असते.

डब्यामागची माहिती वाचा. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा नायट्रोजन मोजून प्रथिन ठरवतात, त्यामुळे स्वस्त ग्लायसिन किंवा टॉरिन मिसळून आकडा फुगवता येतो. घटकांच्या यादीत ही नावे दिसली, किंवा 24 ग्रॅम प्रथिनामागे ल्युसीन 2.4 ग्रॅमच्या बरेच खाली असेल, तर तो डबा परत ठेवा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक हवाच. भाव डब्यावरून नव्हे, प्रथिनाच्या ग्रॅमवरून काढा: एका चमच्यातले प्रथिन गुणिले एकूण चमचे, आणि त्या गुणाकाराने किंमतीला भागा.

150 ते 200 मिलिलिटर कोमट दूध किंवा पातळ ताकात ढवळा. उकळत्यात टाकली की गुठळ्या होतात. दूध पचत नसेल तर आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढून टाकलेले व्हे. पूर्ण चमच्याने पोट गच्च होत असेल तर अर्धा-अर्धा दोनदा, पण तो वरण किंवा अंड्यासोबतच, म्हणजे ल्युसीनची उरलेली भरपाई तिथून होते. पावसाळ्यात ओला चमचा घातला की डबा लवकर बिघडतो.

किडनीचा आजार असेल तर प्रथिने स्वतःहून वाढवू नका, आधी क्रिएटिनिनचा (किडनीचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर पावडरीचे दूधही त्याच हिशेबात धरा.

एचएमबी हा ल्युसीनपासून बनणारा पदार्थ. दवाखान्यात भरती झालेल्या कुपोषित वयस्कांच्या एका अमेरिकन चाचणीत, ज्यात सीओपीडीचेही रुग्ण होते, रोज दोन वेळा 20 ग्रॅम प्रथिने आणि 1.5 ग्रॅम एचएमबी असलेला पूरक आहार दिला. 90 दिवसांतले मृत्यू 9.7 वरून 4.8 टक्क्यांवर आले. म्हणून नुकतेच सुटी होऊन घरी आलेल्या, खंगलेल्या रुग्णासाठी काही महिने हा खर्च समजू शकतो. घरी स्थिर असलेल्या माणसाला याच आधारावर तो डबा घ्यायला लावणे आम्हाला पटत नाही.

एनएसीचे काम वेगळे

एनएसी म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लाचे औषधी रूप. ते कफातले गंधकाचे बंध तोडून त्याला पातळ करते आणि शरीरात ग्लुटाथिऑन हा पेशींचे रक्षण करणारा पदार्थ बनायला कच्चा माल देते. स्नायू त्याने वाढत नाहीत.

पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. युरोपात 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ब्राँकस चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम तीन वर्षे देऊनही फुप्फुसांची घसरण थांबली नाही. चीनमधल्या 2014 च्या पँथिऑन चाचणीत 600 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर दिले. आजार भडकण्याचे प्रमाण रुग्णामागे वर्षाला 1.49 वरून 1.16 वर आले. चीनमध्येच कार्बोसिस्टीन हे कफ पातळ करणारे दुसरे औषध रोज 1500 मिलिग्रॅम दिल्यावरही असा फायदा दिसला. त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा छाती बिघडणारा, भरपूर कफ असणारा आणि इनहेलरमध्ये स्टिरॉइड नसलेला रुग्ण असेल तर डॉक्टरांना या औषधाबद्दल जरूर विचारावे. कोरडा दम असलेल्याला फारसे हाती लागणार नाही.

गोळी ग्लासभर पाण्यात पूर्ण विरघळवून लगेच प्यावी. सडक्या अंड्यासारखा वास गंधकाचा असतो, गोळी खराब नसते. फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असते, म्हणून बीपी किंवा सूज असेल तर डॉक्टरांना सांगा. छातीदुखीसाठी नायट्रोग्लिसरीन चालू असेल तर बीपी खाली येऊन डोके ठणकू शकते. अल्सर आणि दम्याची प्रवृत्ती असेल तरी आधी विचारा. ज्याला जोराने खोकता येत नाही त्याचा पातळ झालेला कफ आतच साचतो, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून 'हफ' करून, म्हणजे तोंड उघडे ठेवून जोरात श्वास बाहेर फेकून, कफ काढायला शिकून घ्या.

आर्जिनिन आणि ग्लुटामिन या अमिनो आम्लांवर या आजारात खर्च करण्याजोगा पुरावा नाही. क्रिएटिननेही व्यायामाच्या फायद्यात ठोस भर पडलेली दिसली नाही.

व्यायाम नसेल तर

नेदरलँड्समधल्या एका चाचणीत व्यायाम सगळ्यांनाच दिला आणि ल्युसीन, ड जीवनसत्त्व, ओमेगा-3 असलेले पेय अर्ध्यांनाच. ताकद दोन्ही गटांत वाढली. पेयामुळे मांडीच्या ताकदीत वेगळी भर पडली नाही. यावरून पावडर कुठे बसते ते कळते: ती व्यायामाला लागणारा माल पुरवते, व्यायामाची जागा घेत नाही. सुरुवातीला खुर्चीवरून दहा उठबशा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस पुरे. आधी इनहेलर घ्या, बोटाला ऑक्सिमीटर लावा, ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली गेला की थांबा. पावडर किंवा सोयावडी त्यानंतरच्या खाण्यात ठेवा. मे महिन्यात हे सकाळी सातच्या आत उरका. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे शेकोट्यांचा धूर खाली बसलेला असतो, तेव्हा घरातच करा.

बारा आठवड्यांनी खुर्चीची वेळ, पोटरी आणि वजन पुन्हा मोजा. तिन्ही जागचे हलले नसतील तर दुसऱ्या कंपनीचा डबा शोधू नका. रोज खरोखर किती ग्रॅम पोटात गेले आणि किती दिवस व्यायाम झाला, ती वही काढून डॉक्टरांसमोर ठेवा. एनएसीला वर्ष द्या, आणि त्या वर्षात छाती पूर्वीइतक्याच वेळा बिघडली तर ते बंद करण्याबद्दल विचारा.