ए.ए.च्या मीटिंगच्या नावाखाली २१,४९९ रुपये

दारू सोडू पाहणाऱ्या माझ्या धाकट्या भावासाठी जवळपासची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., या निनावी राहून एकमेकांना दारू सोडायला मदत करणाऱ्यांच्या संघटनेची मीटिंग शोधताना माझी २१,४९९ रुपयांची फसवणूक झाली. हे लिहिताना लाज वाटते. पण या लोकांचा सारा धंदा आपल्या याच लाजेवर चालतो, म्हणून लिहीत आहे.

ज्यांच्या घरात दारू आहे त्यांना वेगळे सांगायला नको की, "ताई, आता बास, मला कुठेतरी घेऊन चल," हे शब्द वर्षानुवर्षे ऐकायला मिळत नाहीत आणि मिळालेच तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतील याचा भरवसा नसतो. त्या घाईत मी मोबाइलवरच्या नकाशात मीटिंग शोधली. पहिल्याच नोंदीवर ए.ए.चे नाव होते, खाली भरभरून कौतुक होते आणि फोनवरचा माणूस अतिशय आपुलकीने बोलत होता. त्याने नावनोंदणीचे ५०० रुपये मागितले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कुठल्याशा ट्रेडर्सचे नाव आले. मी विचारलेसुद्धा, "संस्थेच्या खात्याचे ऑडिट चालू आहे, ताई," असे उत्तर मिळाले. ते ट्रेडर्सचे नाव आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथेच सारे उघड झाले होते. पण शेजारच्या खोलीत भाऊ घामाने डबडबून, थरथरत बसलेला असताना खातेदाराच्या नावावरून वाद घालायला कोण बसले असते?

पाठोपाठ त्याने भावाचे पूर्ण नाव, कंपनी, पगार आणि मेडिक्लेम आहे का, हे विचारून घेतले. ज्या संघटनेच्या नावातच निनावीपणा आहे, तिला पगाराचा आकडा कशाला हवा असेल? १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन दारुड्यांनी एकमेकांना आधार देत हे काम सुरू केले. तिथे सभासद व्हायला दारू सोडण्याच्या इच्छेखेरीज दुसरी अट नाही. फी नाही, वर्गणी नाही. मीटिंगमध्ये एक पिशवी फिरते, सभासद आपापल्या मर्जीने तीत पैसे टाकतात आणि त्यातून जागेचे भाडे व चहा भागतो. कुटुंबीयांसाठी अल्-अनॉनचे गट असतात, तिथेही हीच पद्धत. आधी पैसे मागणारा माणूस ए.ए.चा नसतो, एवढी एक ओळ सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मला कधी वाचायला मिळाली असती तर हे घडले नसते.

मग "मीटिंगपूर्व समुपदेशन आणि किट" या नावाखाली २,९९९ रुपये गेले. कुरियरने एक पांढरी प्लास्टिकची डबी आली. तिच्यावर ना औषधाचे नाव, ना कंपनीचे, ना मुदतीची तारीख. आत पिवळसर पूड आणि "जेवणातून द्या, त्यांना कळू देऊ नका" अशी चिठ्ठी. ती मी दिली नाही. कृपा करून कोणीही देऊ नका. दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे डायसल्फिराम रुग्णाच्या नकळत दिले आणि वर तो प्यायला, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तरी फिट येऊ शकते किंवा भ्रम होऊ शकतो; म्हणून मीटिंग शोधण्याच्याही आधी डॉक्टर गाठा.

शेवटचे १८,००० रुपये निवासी केंद्राचा ॲडव्हान्स म्हणून गेले. "केस मीटिंगच्या पलीकडे गेली आहे, रात्री गाडी आणि चार माणसे पाठवतो," असे तो म्हणाला. गाडी आली नाही. पैसे परत मागितले तेव्हा त्याच आपुलकीच्या आवाजात त्याने विचारले, "भावाच्या कंपनीत कळवू का?" माझ्याकडून घेतलेली माहिती माझ्याच गळ्याशी लावली. अशा केंद्राला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. पैशांचे बोलणे निघताच तो नोंदणी क्रमांक मागा.

पोलीस ठाण्यात गेले, तर तक्रार लिहून घेण्याआधी भरल्या खोलीत मोठ्याने प्रश्न आला, "भाऊ रोज पितो का?" मी फसवणुकीची तक्रार द्यायला गेले होते, भावाच्या चारित्र्याचा दाखला मागायला नव्हे! तिथून मला सायबर शाखेकडे पाठवले. त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून परत ठाण्याकडे. बँकेचे म्हणणे, व्यवहार तुम्हीच पिन टाकून मंजूर केला, आम्ही काय करणार? सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पण पुढे हालचाल नाही. तो क्रमांक पहिल्या तासातच मिळवा. पैसे दुसऱ्या खात्यात वळते झाले की ते गोठवायला काही उरत नाही. धमकी देणाऱ्याचा मोबाइल नंबर मी लिहून दिला होता. त्यावर साधा फोन करायलाही कोणाला सवड झाली नाही.

खरी मीटिंग अखेर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या समाजसेविकेने सांगितली. महापालिकेच्या शाळेचा एक वर्ग, दारात कोणी नाव विचारले नाही, पैसा मागितला नाही. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. नकाशावरच्या अनोळखी नंबराआधी तो लावा. आणि ती खोटी नोंद मी तक्रार करूनही अजून हटवलेली नाही. ए.ए.च्या नावाखाली नोंदणी शुल्क मागणारी अशी नोंद तुमच्या शहराच्या नकाशावर दिसली, तर त्याच क्षणी तिच्याविरुद्ध तक्रार करा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.