छर्रे बदलले, आणि महिनाभर नेमच हरवला

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. दारू किती, छर्रे किती हे ते तळहातावरच ठरवत, आणि माप जरा बदललं की पहिले दोन बार वडाच्या खोडावर मारून बघत, असं आई सांगते. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, बंदूकही गेली. त्यांची ही नात आता सत्तेचाळिसाव्या वर्षी डिचोलीहून म्हापशाला जाऊन दहा मीटरवरच्या कागदावर एअर रायफल चालवते, आणि परवापर्यंत तिला वाटायचं की छर्रा म्हणजे छर्रा.

दोन वर्षं मी स्वस्तातले छर्रे वापरले. नाव सांगत नाही, पण शिकताना त्यांनी काही बिघडवलं नाही. मग गुण एका जागी अडकले. लेक म्हणाली, "आई, हात तुझा हलतो, छऱ्यांना कशाला बोल लावतेस?" मी हट्टाने वीस छर्रे म्हापशातल्या ओळखीच्या सोनाराकडे नेले. त्याने हसत हसत काट्यावर एकेक ठेवला: ०.५१ ते ०.५५ ग्रॅम. दोन-तीन छऱ्यांची मागची घेर तर चेपलेली. शिसं मऊच, डबा खाली पडला की झालंच.

म्हणून एच अँड एन कंपनीचे फिनाले मॅच छर्रे घेतले, ०.५३ ग्रॅमचे, पाचशेचा डबा. सोनाराच्या काट्याने त्यांच्यात काही फरक दाखवला नाही. सपाट डोक्याचे असल्याने कागदावर भोक कसं पंचने पाडल्यासारखं स्वच्छ, गुण मोजताना वाद नाही.

पण पहिल्या दिवशी काय झालं? सगळे बार उजवीकडे खाली. दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा, तिथे एवढंसं सरकलं तरी नऊवर येतो. मी लगेच डायॉप्टर, म्हणजे नेम धरायची मागची बारीक भोकाची चकती, क्लिक-क्लिक फिरवत बसले, ही माझी चूक. नळीत जुन्या शिशाचा थर असतो, नवा छर्रा रुळायला मला तीस-चाळीस बार लागले. तोवर क्लिक मोजण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी उशीवर रायफल टेकवून पाच-पाच बार मारले, तेव्हा कुठे खरं कळलं.

आणि खरी गोष्ट छऱ्याच्या डोक्याच्या मापाची निघाली. ४.५० मिलीमीटरचा डबा घेतला होता. नळीत घालताना अंगठ्याला जोर लागे. रेंजवरच्या एका मुलाने त्याच्या डब्यातले ४.४९चे दहा छर्रे दिले. उशीवरून पाच बार, भोक हरभऱ्याएवढं! ४.५०ने तेच वाटाण्याएवढं पडत होतं. गंमत म्हणजे लेकीची रायफल त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, तिला ४.५०च आवडतो. म्हणजे माझा पैसा वाया गेला नाही, तिच्या कपाटात गेला.

किंमत जुन्याच्या कितीतरी पट. म्हणून रोजच्या सरावाला जुनेच घालावेत असं मी ठरवलं होतं, तेही फसलं: प्रत्येक अदलाबदलीत तेच तीस-चाळीस बार रुळवण्यात जातात. आता दोन्ही एकत्र नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात पांढरी भुकटी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून डबा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते. शिसं असल्याने हात धुतल्याशिवाय चहा नाही. जुना दीड डबा उरलाय, कोणाला शिकायला हवा असेल तर घेऊन जा.