पद्मिनीतलं हिरवं पाणी: नऊ महिन्यांनंतर

मागच्या ऑक्टोबरात गाडीत भरलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते द्रव, परवा कपभर काढून बघितलं. अजून हिरवंगार, तळाला गंज नाही. म्हणून लिहायला बसलो.

गाडी 1982ची प्रीमियर पद्मिनी. सरकारी नियमात व्हिंटेज म्हणवायला 50 वर्षं लागतात, आमच्या घरात ती कधीचीच व्हिंटेज. धुळ्याहून चाळीसगावला निघालो की मेहुणबाऱ्याच्या आत तापमानाचा काटा लालकडे. टपरीवरची पोरं ओरडायची, "पानी उकयी ऱ्हायनं, भो!"

कूलंट टाकलं की गाडी थंड होईल, हा माझा भ्रम. रेडिएटरवाल्या अण्णांनी टाकी उघडली तर निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याचं फळ. आधी रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून सफाई, मग नवी कॅप. जुन्या कॅपचं रबर गेलेलं, त्यामुळे दाब धरत नव्हता. दाब धरला की पाणी शंभराच्या वर जाऊन उकळतं, दाबाच्या एका पीएसआयला साधारण दीड अंश. निम्मा आजार इथेच गेला.

दुकानदार लाल रंगाचं, पाच वर्षं टिकणारं कूलंट घ्या म्हणून मागे लागला होता. अण्णा म्हणाले, "साहेब, ते नव्या ॲल्युमिनियम रेडिएटरचं. तुमचं तांब्या-पितळेचं, शिशाचे डाग दिलेलं. जुन्या पद्धतीचं हिरवंच घ्या, दोन वर्षांनी बदला." ऐकलं.

डब्यावर अर्धं कूलंट, अर्धं पाणी लिहिलंय. आपल्याकडे पाणी गोठायची भीती कुठली? उष्णता वाहून न्यायला कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा पाणीच सरस. म्हणून तीन भाग कूलंट, सात भाग बॅटरीचं डिस्टिल वॉटर. इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गंज रोखणारं रसायन मात्र हवंच.

पहिल्याच आठवड्यात वॉटर पंपाजवळ हिरवे थेंब. क्षाराने बुजलेली गळती ग्लायकॉलने उघडी पाडली. पंप दुरुस्त करावा लागला, तो खर्च धरूनच चाला.

मे महिन्यात चौघं बसून कन्नड घाट चढलो. काटा मध्याच्या थोडा वर, पण उकळी नाही. धुळ्याच्या आग्रा रोडवर गर्दीत अडकलो की अजूनही चढतो, कारण पंखा बेल्टवर, इंजिन मंद तर वाराही मंद. तिथे कुठलंच कूलंट कामाचं नाही, मी सरळ गाडी बंद करतो.

काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. चवीला गोड आणि विषारी असतं. आमच्या गल्लीतला कुत्रा त्या कपाजवळ लगेच आला होता, हाकलला.