‘८०० वॅट, १२०० मिली’: शटरसाठी स्प्रे गन घेताना कुठे फसवतात

खोक्यावर ठळक अक्षरांत तीन गोष्टी छापलेल्या असतात: ‘एचव्हीएलपी’ (जास्त हवा, कमी दाब), ‘८०० वॅट’ आणि ‘१२०० मिली प्रति मिनिट’. किचनच्या शटरना, म्हणजे कपाटांच्या दारांना, घरीच पीयू (पॉलियुरेथेन फिनिश) मारू म्हणून गन शोधणारा याच तीन गोष्टींवर फसतो. यातलं काहीच बहुधा खोटं नसतं. फक्त त्याच्या कामाचं नसतं.

मिनिटाला १२०० मिली रंग फेकणारी गन भिंतीला ठीक. उभ्या शटरवर तेवढ्यानं ओघळच येणार. बारीक फिनिशला १.३ किंवा १.४ मिमीच्या नोझलमधून मिनिटाला साधारण दीडशे-दोनशे मिली सुटलं तरी पुष्कळ झालं. या इलेक्ट्रिक गनबरोबर प्लॅस्टिकची १.८, २.५, ३ मिमीची नोझलं येतात आणि आतल्या पंख्याच्या हवेला पीयू नीट फोडता येत नाही. थेंब जाड पडतो, सपाट व्हायच्या आत सुकू लागतो आणि शटरवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उमटतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: ‘थिनर वाढवा.’ थिनर वाढवला की थराला जाडी येत नाही, रंग कडेला ओघळतो आणि गिऱ्हाईक आपल्याच हाताला दोष देत बसतं. या धंद्याचा अर्धा नफा त्या अपराधी भावनेवर चालतो.

डेमोच्या व्हिडिओत काय उडवतात ते नीट बघा. बहुतेक वेळा पाणी किंवा पाण्यासारखं पातळ केलेलं इमल्शन, आणि तेही पुठ्ठ्यावर. पुठ्ठा पाणी शोषतो, ओघळ दिसतच नाही. दुकानात मागायची चाचणी वेगळी: हार्डनर (घट्ट करणारा दुसरा घटक) घालून तयार केलेलं पीयू, फोर्ड कप बी-४ या पातळपणा मोजायच्या भोकाच्या कपातून १८ ते २० सेकंदांत रिकामं होणारं, आणि समोर उभा धरलेला लॅमिनेटचा तुकडा. दुकानदार याला नाही म्हणाला तर तिथून निघा. ऑनलाइन घेतलं तर आणखी एक मेख असते. कपात एकदा रंग पडला की तो ‘वापरलेला माल’, परत घेत नाहीत. म्हणजे दोष कळतो तेव्हाच परतीचा रस्ता बंद झालेला असतो.

दुसरा सापळा कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या नकली गनचा. नामांकित जपानी गनसारखी दिसणारी, ‘ओरिजिनल टाइप’ म्हणून विकलेली. वजन आणि क्रोमची चमक बघून काही कळत नाही. गन वर्तमानपत्रापासून १५ ते २० सेंटीमीटरवर धरा आणि क्षणभर ट्रिगर दाबा. उमटलेला पट्टा दोन्ही बाजूंना सारखा हवा. केळ्यासारखा वाकला किंवा एका अंगाला जड पडला तर एअर कॅप (नोझलवरची हवेच्या भोकांची टोपी) अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. दोष कॅपबरोबर उलटला तर कॅप खराब किंवा तिचं भोक तुंबलेलं. जागचा हलला नाही तर नोझल किंवा सुई वाकडी. धुऊनही तोच पट्टा आला तर गन घेऊ नका. पट्टा मधोमध फाटला तर मात्र गनला दोष देऊ नका, हवा जास्त किंवा रंग फार पातळ झालेला असतो. सुईचं पॅकिंग टेफ्लॉनचं आहे का, हेही विचारा. स्वस्त रबराचे वायसर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये फुगतात आणि गन मागून गळू लागते.

कॉम्प्रेसरवरचा सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा याचा, आकडाही असाच. छापतात तो बहुधा ‘डिस्प्लेसमेंट’, म्हणजे पिस्टननं ढकललेल्या हवेचा हिशेब, हाती येते ती ‘एफएडी’, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा, बरीच कमी. १ एचपीच्या छोट्या मशीनवर १० सीएफएम खाणारी एचव्हीएलपी गन लावली की अर्ध्या शटरवर टाकी उतरते आणि पट्टा आक्रसतो. एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गनला कमी हवा लागते, छोट्या कॉम्प्रेसरवर तीच बरी. तीन-चार शटरसाठी एअरलेस, म्हणजे हवेऐवजी पंपाच्या दाबानं रंग फेकणारं मशीन, गळ्यात मारणारेही भेटतात. पाव इंची १५ मीटर नळीतच जवळपास अर्धा लिटर माल अडकतो, आणि दोन घटकांचं पीयू तिथंच घट्ट झालं की नळी फेकायची.

‘कुठलाही रंग चालतो’ हे वाक्य सर्वांत घातक. एनसी थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असतं, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्याला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. इलेक्ट्रिक गनच्या मोटारीच्या ठिणगीजवळ, बंद खोलीत ते उडवायचं नाही. मॅन्युअलमध्ये फ्लॅश पॉइंटची मर्यादा दिलेली असते, जाहिरातीत नसते. पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला साधा कापडी मास्क अजिबात पुरत नाही.

फसलाच असाल तर आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी आहे का ते बघा, नियमानं ते असायलाच हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. आणि वर्तमानपत्रावरचा तो वाकडा पट्टा रद्दीत टाकू नका, तारीख घालून जीएसटी बिलाला टाचून ठेवा.