आधी वर्ग की आधी धोरण? सीमाभागातल्या विद्यार्थ्यासमोरच्या दोन वाटा

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातली एक मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन महिन्यांपूर्वी घरी आली आणि म्हणाली, "ताई, मला सरकारी शाळांसाठीच काम करायचंय. पण एका वर्गात शिकवून किती मुलांचं भलं होणार? धोरण ठरतं तिथं जायचंय. बेंगळुरूला एम.ए.ला जाऊ, की आधी शिक्षिका होऊ?" वर्षभरात असं विचारणारी ती चौथी. म्हणून दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून लिहिते. मी तीन वर्षं सरकारी मराठी शाळेत अतिथी शिक्षिका होते, नंतर शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं, आता शाळा समित्यांबरोबर काम करते. माझा कल आधी शिक्षिका होण्याच्या वाटेकडे आहे, हे आधीच सांगून टाकते.

वाट निवडण्याआधी एक गोष्ट बघा: आपल्या शाळांचं कुठं ठरतं? सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळा १९५६ पासून कर्नाटकाच्या शिक्षण खात्याखाली आहेत. आपली मुलं मराठीतून शिकतात, पण पुस्तक बालभारतीचं नसतं, कर्नाटकानं छापलेलं मराठी पुस्तक असतं. बेंगळुरूहून निघालेला आदेश बेळगाव किंवा चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्याच्या उपसंचालकांकडे येतो, तिथून बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं ऑफिस, मग सीआरपी म्हणजे शाळांच्या गटाचा समन्वयक, मग हेडमास्तर. हा सगळा प्रवास कन्नडमधून होतो. शेवटी तो कागद ज्यांच्या हातात पडतो, त्या पालकांना बहुतेक वेळा कन्नड वाचता येत नाही.

जुलैमधली एक बैठक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पत्र्यावर पाऊस एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. लावणी सोडून आलेल्या बायका, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, प्लास्टिकच्या खोळी दाराशी काढून ठेवलेल्या. हेडमास्तरांच्या मोबाईलवर दोन पानी सुत्तोले, म्हणजे कन्नड परिपत्रक, आलेली. तिचा अर्थ एवढाच, की शाळा विकास आराखडा शुक्रवारच्या आत भरून पाठवा. एक आई म्हणाली, "सर, सही कुठं करायची तेवढं सांगा की, भाताचं तरू तसंच पडलंय शेतात." सह्या झाल्या. आराखड्यात गेल्या वर्षीचेच आकडे उतरवले गेले. स्वयंपाकखोलीचं छत त्या दिवशीही गळत होतं, डाळीच्या डब्यावर पोतं टाकलं होतं, पण ते आराखड्यात आलंच नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं हा आराखडा करायचं काम शाळा व्यवस्थापन समितीलाच दिलंय. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असंही कायदा सांगतो. कर्नाटकात तर राजा रामण्णांच्या शिक्षण कृतिदलानंतर २००१ मध्येच एसडीएमसी, म्हणजे पालकांच्या शाळा विकास व देखरेख समित्या, आल्या, केंद्राच्या कायद्याच्या कितीतरी आधी. अधिकार आहे, माणसं आहेत, बैठकही होते. अडतं ते त्या कागदाच्या भाषेपाशी. त्यामुळे कुठलीही वाट धरा, कन्नड वाचता-लिहिता आलंच पाहिजे. ती भाषेवरची निष्ठा बदलणं नव्हे. आपल्या शाळेसाठी भांडायचं तर भांडण ज्या भाषेत चालतं ती यायला हवी.

वर्गातून जाणारी वाट

आधी पदवीचा घोळ मिटवू, कारण इथं चुकलेलं पोर दोन वर्षं घालवतं. पहिली ते पाचवी शिकवायची असेल तर डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, लागते. नुसतं बी.एड. त्या वर्गांना चालत नाही, हे ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकाला बी.एड. चालतं. दोन्हींसाठी कर्नाटकाची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागते, तिचे पेपरही वेगळे: पहिला पाचवीपर्यंतचा, दुसरा सहावी ते आठवीचा. त्यानंतर भरतीची वाट बघायची. ती दरवर्षी निघत नाही. २०२२ मध्ये १५,००० पदवीधर प्राथमिक शिक्षकांची निघाली होती, पण तशी संधी पुन्हा कधी, याच्यावर घर चालवता येत नाही. मधल्या काळात बरेच जण अतिथी शिक्षक होतात. मानधन कमी, तेही वेळेवर नाही, सुट्टीत बंद. हे सोसायची तयारी घरच्यांचीही हवी.

मग या वाटेनं मिळतं काय? माझ्या शाळेचा पट २८, वर्ग पाच, शिक्षक दोन. कायद्यानं यात काहीच चूक नाही, कारण ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मंजूर असतात. म्हणजे मी पहिली-दुसरी-तिसरी एका खोलीत घेऊन बसायची. पहिलीतलं पोर 'क' गिरवतंय, तिसरीतलं हातच्याच्या वजाबाकीत अडलंय आणि दुसरीतले दोघे खिडकीतून बसची वाट बघतायत. तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर वाचलं तर चांगलं वाटतं. या खोलीत उभं राहिलं की कळतं, प्रश्न मुलं किती याचा नाही, एका वेळी इयत्ता किती याचा आहे. हे मला एम.ए.च्या कुठल्याही पुस्तकानं एवढं स्पष्ट सांगितलं नसतं.

शिक्षकांच्या हातून धोरण घडत नाही असं कुणी म्हटलं तर त्याला नली-कली या शिकवण्याच्या पद्धतीचं उदाहरण द्या. मैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातले शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅली संस्थेच्या ग्रामीण शाळा बघून आले. १९९५ च्या सुमारास त्यांनी स्वतः कार्डं बनवली, गाणी बांधली, वेगवेगळ्या इयत्ता एकत्र शिकवायची पद्धत बसवली. पुढे ती राज्यभरच्या सरकारी शाळांत गेली. सुरुवात एका मागास तालुक्यातल्या शिक्षकांनी केली, सचिवालयात नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या आपल्या बहुवर्ग मराठी शाळांसाठी असं काही करायचं तर ते त्या वर्गात उभं राहिलेलं माणूसच करू शकेल, असं मला मनापासून वाटतं.

या वाटेचा तोटाही खरा आहे. वर्ग माणसाला गिळतो. जनगणना, निवडणूक, दूध-अंडी, एसएटीएस या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदणीत माहिती भरणं, आणि उरलेल्या वेळात शिकवणं. दहा वर्षांनी "धोरण बदलायचं होतं" हे वाक्य आठवेनासं झालेले चांगले शिक्षक मी पाहिलेत.

एम.ए.ची वाट

बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, मुंबईचं टाटा समाजविज्ञान संस्थान ही शिक्षणातल्या एम.ए.ची नेहमीची नावं. निव्वळ सार्वजनिक धोरण हवं असेल तर बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातही दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अझीम प्रेमजीत घरच्या परिस्थितीप्रमाणे फीसवलत मिळते, तेव्हा आकडा बघूनच मागे फिरू नका. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभराचा प्रवास. पण अंतरापेक्षा इंग्रजी जास्त जड जातं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिलं सत्र फार अवघड जातं. मी रोज दहा पानं वाचायला तीन तास घ्यायचे. दिवाळीनंतर हळूहळू सुटत गेलं.

तिथं मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, कायदा कलमासकट वाचायची सवय. राज्यघटनेचं कलम ३५० अ, म्हणजे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय, हे आपण भाषणांत ऐकतो. पण त्यात राज्यानं 'प्रयत्न करावा' अशी भाषा आहे आणि राष्ट्रपतींना निर्देश देता येतात, हे वाचल्यावर निवेदन कुणाकडे द्यायचं आणि त्यात काय मागायचं हे बदलतं.

दुसरी, आकड्यांकडे बघायची नजर. यूडायस या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची माहिती असते. एका तासाला मी आमच्याच तालुक्यातल्या शाळा उघडल्या, तर ओळखीच्या एका शाळेपुढे 'पिण्याचं पाणी: आहे' असं लिहिलेलं. विहीर आहे हे खरं. मार्चपासून ती तळ गाठते आणि पोरं घरून बाटल्या आणतात, हेही तेवढंच खरं. वर्गातल्या बाकीच्यांनी तो आकडा तसाच धरून तक्ता केला. मला तसं करता आलं नाही, कारण मी ती विहीर बघितली होती. त्या क्षणी दोन्ही वाटांचा हिशेब माझ्यापुरता जुळला: तक्ता करायला एम.ए.नं शिकवलं, त्यातली कुठली ओळ फसवी आहे हे शाळेनं.

या वाटेवर धोका वेगळा आहे. एम.ए. झाल्यावर कामं मिळतात ती बेंगळुरूत, दिल्लीत किंवा एखाद्या संस्थेच्या ठरलेल्या जिल्ह्यांत. कर्नाटकातल्या मराठी शाळा हा विषय सहसा कुणाच्याच यादीत नसतो. पगार बरा मिळतो, काम चांगलं असतं, आणि खानापूरला येणं दिवाळीपुरतं उरतं.

एकच शिफारस, दोन जागांवरून

फरक नीट कळायचा तर ताजी गोष्ट घेऊ. कर्नाटकानं २०२३ मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला, त्याचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. थोरात हे मूळचे विदर्भातले, यूजीसीचे माजी अध्यक्ष. किमान पाचवीपर्यंत माध्यम कन्नड किंवा मातृभाषा असावं, अशी एक शिफारस त्यात आहे.

एम.ए. झालेला माणूस त्या 'किंवा'वर बोट ठेवेल. दोन्हीतलं कुठलं हे ठरवणार कोण, पालक की खातं? तो २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचीही आठवण देईल: खासगी शाळांवर माध्यम लादता येत नाही. म्हणजे ही शिफारस मुख्यतः सरकारी शाळेतल्या मुलांपुरतीच उरते.

वर्गात उभी असलेली बाई वेगळंच सांगेल. तिच्या शाळेत पहिलीत यंदा तीन मुलं आली, कारण गावातल्या बाकीच्यांना पिवळी व्हॅन निपाणी-बेळगावच्या इंग्रजी शाळेत नेते. २०१९-२० पासून सरकारनं स्वतःच काही सरकारी शाळांत इंग्रजी वर्ग सुरू केले, ते याच ओढीला उत्तर म्हणून. मातृभाषेची शिफारस कितीही योग्य असली तरी तिसरीतलं पोर खडखडीत वाचतंय हे पालकाला दिसल्याशिवाय तो व्हॅन सोडणार नाही.

दोघांचंही खरं आहे. फक्त पहिल्याचं बोलणं बेंगळुरूत ऐकलं जातं आणि दुसरीचं कुणी लिहूनच घेत नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात. केपीएससीतून, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून, अधिकारी होणं ही मोठी ताकद आहे, कन्नडचा पेपर पास व्हावाच लागतो, आणि वर्षं किती जातील याचा नेम नाही. दुसरी परीक्षा, दुसरी नोकरी हाताशी ठेवूनच उतरा. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना महाराष्ट्राच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. घरासाठी ते उत्तम, पण तिकडच्या खुर्चीवर बसून इकडच्या शाळेला शिक्षक देता येत नाही. दोन वर्षांच्या फेलोशिपा, टीच फॉर इंडिया किंवा गांधी फेलोशिप, स्वतःला जोखायला चांगल्या. त्यात बहुधा आपल्या भागात राहता येत नाही, एवढंच लक्षात ठेवा.

मग कुणी काय करावं? घरात पगार लवकर यायला हवा असेल तर डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि टीईटी, दुसरा विचार नको. एम.ए. नंतर तिशीतही करता येतं, नोकरीतले शिक्षक करतातही. घरची घाई नसेल आणि कन्नड येत असेल, तर दोन वर्षं शाळेत काढून मग बेंगळुरू. थेट एम.ए. मी फक्त त्यालाच सांगेन ज्याचं बालपण सरकारी शाळेत गेलंय आणि ज्यानं परत यायचं मनाशी पक्कं केलंय. कन्नड येत नसेल तर हे तिन्ही बाजूला ठेवून आधी सहा महिने तेच.

त्या मुलीला मी हेच सांगितलं. तिनं लगेच काही ठरवलं नाही, ठरवायची घाईही नाही. गेल्या शनिवारी मात्र सकाळची शाळा सुटल्यावर ती गावच्या हेडमास्तरांकडून एका सुत्तोलेची झेरॉक्स घेऊन आली. ओट्यावर बसून बोट ठेवून एकेक अक्षर लावत तिनं विषयाची ओळ वाचली, मग तारीख, मग 'पोषकरु' या शब्दाशी थांबली. म्हणाली, "ताई, हे पालक ना?" मी मान हलवली. तिनं पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारली आणि पुढच्या ओळीवर गेली.