जुनी लेन्स कुरिअरने मागवावी, दुकानातून घ्यावी की समोर बसून?

तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात आणि त्याच्या थोडं आधीपासून नव्या फोटोग्राफर पोरांचे मला फोन यायला लागतात. प्रश्न बहुतेक एकच असतो. "दादा, सेकंडहँड लेन्स बघतोय, बाहेरगावचा एक जण स्वस्तात देतोय, घेऊ का?" कुठली लेन्स कशासाठी, फुल फ्रेम की क्रॉप, हे सगळं त्यांना पाठ असतं. अडतं ते व्यवहारापाशी, म्हणून इथे फक्त व्यवहाराबद्दल लिहितो.

सोलापुरात राहून जुनं सामान घ्यायचे-विकायचे तीन रस्ते आहेत. ऑनलाइन जाहिरात बघून लांबच्या माणसाकडून कुरिअरने मागवायचं. पुण्या-मुंबईच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून बिलासकट घ्यायचं. किंवा जाहिरात ऑनलाइन बघायची, पण पैसे आणि वस्तू यांची देवाणघेवाण समोर बसूनच करायची. मी तिन्ही रस्त्यांनी गेलो आहे, घेतलंही आहे आणि विकलंही आहे.

कुरिअरचं आधी सांगतो, कारण मोह तिथेच जास्त. लग्नाची कामं करणारे जुने डीएसएलआर कॅमेरे सोडून नव्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले तशा मोठ्या शहरांत जुन्या बॉड्या (म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे) आणि लेन्स ढिगाने निघाल्या. आपल्याकडे ७०-२०० एफ २.८ ही लग्नांत लागणारी मोठी झूम लेन्स विकायला निघाली तर जाहिरात टाकायच्या आधीच ती कुणा ओळखीच्या स्टुडिओत गेलेली असते. पुणे, मुंबई, हैदराबादकडच्या जाहिरातींत मात्र तीच लेन्स कितीतरी जण विकताना दिसतात, आणि माझ्या अनुभवात भावही इथल्यापेक्षा उतरलेला असतो. हातात पैसे बेताचे असलेल्या पोराला हा रस्ता खुणावणारच, त्यात त्याची चूक नाही.

फसवणुकीचे ढोबळ प्रकार तुम्हाला माहीत असतील, म्हणून पटकन उरकतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केली, पण "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील" हे अजून चालतं. बदली झाली म्हणून घाईने सामान विकणारा लष्करातला जवान, त्याचं ओळखपत्र, कँटीनचं कार्ड, हा प्रकारही जुनाच आहे. आणि स्क्रीन दुसऱ्याला दिसेल असं कुठलंही अ‍ॅप कुणाच्या सांगण्यावरून फोनमध्ये घ्यायचं नाही.

मी हा रस्ता सोडला त्याचं कारण मात्र या सगळ्याहून वेगळं आहे. आधी कोण? पैसे आधी की पार्सल आधी?

समुद्राकाठच्या एका शहरातल्या गृहस्थांकडची ७०-२०० मला हवी होती. फोटो स्वच्छ, बोलणं सभ्य, किंमत रास्त. ते म्हणाले, "तुम्ही टोकन टाका, मी लगेच पार्सल बुक करतो." मी म्हणालो, "आधी बुक करा, पावती पाठवा, मग टाकतो." मग अर्धे आधी, अर्धे नंतर असं निघालं. मग अर्ध्यावरून पाव. मी म्हटलं, व्हिडिओ कॉलवर टॉर्च लावून लेन्सच्या आतली काच दाखवा, कारण दमट हवेत राहिलेल्या लेन्सला फंगस, म्हणजे बुरशी धरते आणि ती जाहिरातीतल्या फोटोत दिसत नाही. त्यांनी दाखवायचा प्रयत्न केला, पण फोनच्या कॅमेऱ्यातून नुसतीच चमक दिसत होती. त्यांनी माझं आधार कार्ड मागितलं. मी दिलं नाही. मी त्यांचं मागितलं, त्यांनाही ते आवडलं नाही. कित्येक रात्री असंच चाललं आणि शेवटी त्यांनी जाहिरातच काढून टाकली.

ते गृहस्थ खरे असावेत असंच मला वाटतं. लेन्सही चांगली असावी. तरी व्यवहार झाला नाही, आणि दोघांनी एकमेकांशी संशयितासारखं बोलून घेतलं. या रस्त्याचं खरं दुखणं मला हेच वाटतं. लांबून जे जे पुरावे मागता येतात, ते ते भामट्याला सगळ्यात सहज देता येतात. आधारचा फोटो तो न मागता पाठवतो, कारण तो दुसऱ्याच कुणाचा असतो, आधी फसलेल्या एखाद्याचा. कुरिअरची पावती बनवता येते. पैसे पाठवण्याआधी अ‍ॅपवर खातेदाराचं नाव दिसतं, पण खातंच भाड्याने घेतलेलं असेल तर त्या नावाचा उपयोग काय? उलट सरळ माणूस आपली कागदपत्रं अनोळखी माणसाला द्यायला कचरतो, आणि तेवढ्यावरून तोच संशयास्पद ठरतो.

यावर लोकांनी तोडगे काढले आहेत. टपाल खात्याचं व्हीपी पार्सल आहे, कुरिअरचं कॅश ऑन डिलिव्हरी आहे. दोन्हीत पैसे दिल्यावरच खोकं उघडतं, म्हणजे आत काय आहे हा प्रश्न तिथेच राहतो. विकणाऱ्याला वेगळी भीती असते: घेणाऱ्याने पार्सल नाकारलं तर परत येताना आत आपलीच वस्तू असेल का? खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा असं सगळे सांगतात. कंपनीकडून घेतलं असेल तर त्या व्हिडिओला वजन असतं, पण फोन बंद करून बसलेल्या माणसाला तो दाखवायचा कुठे? एकच तोडगा मी चाललेला पाहिला आहे. त्या गावात आपला विश्वासाचा माणूस असेल तर त्याने जाऊन वस्तू बघायची आणि तिथेच पैसे द्यायचे. पण मग तो समोरासमोरचाच व्यवहार झाला.

दुकानाबद्दल माझं मत चांगलं आहे. बिल मिळतं, बिलावर सीरियल नंबर येतो, थोड्या मुदतीची का होईना वॉरंटी मिळते. सामानाचा विमा काढायचा असेल तर बिलाशिवाय अडचण येते. चोरीच्या मालाचाही मुद्दा आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं समजायला कारण असताना तो घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा होतो. दुकानाचं पक्कं बिल हातात असेल तर ती काळजी बरीच हलकी होते. पहिलं मोठं काम अंगावर आलंय आणि आठवड्यात बॉडी हवीच, अशा वेळी मी स्वतः पोराला दुकानाकडेच पाठवतो.

मात्र किंमत जास्त पडते, आणि विकायला गेलात तर दुकानदार जो भाव सांगतो तो ऐकून मन खट्टू होतं. त्यालाही दुकान चालवायचं आहे, हे कळतं. शिवाय 'उत्तम स्थिती' म्हणजे काय, हे दुकानागणिक बदलतं. मी एका ठिकाणाहून मागवलेल्या लेन्सचं झूम रिंग सैल निघालं. वॉरंटी होती, पण ती वापरायची म्हणजे लेन्स पुन्हा पॅक करून पाठवायची आणि ऐन मुहूर्तात वाट बघत बसायचं. त्यामुळे दुकानातून घ्यायचं तर तिथे जाऊन, हाताळून घ्या, एवढंच सुचवेन.

आता तिसरा रस्ता. इथे निवड कमी, हे मान्यच करायला हवं. हवी ती लेन्स महिना-महिना दिसत नाही. ओळखीतून सामान आलं तर घासाघीस करता येत नाही, आणि नंतर काही निघालं तर तोंड उघडायला अवघड जातं, कारण उद्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वजासमोर तोच माणूस शेजारी कॅमेरा लावून उभा असतो. पण तो उद्याही इथेच असणार आहे, हीच माझ्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट. पावती बनवता येते, ओळखपत्र बनवता येतं, पण गावातली वर्षानुवर्षांची ऊठबस बनवता येत नाही.

आणि वस्तू स्वतः बोलते. मी जाताना माझी बॉडी, माझं कार्ड आणि एक बारीक टॉर्च घेऊन जातो. लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, उघडं ठेवून मागून टॉर्च धरली की फंगस कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या लेन्समध्ये ती मला क्वचितच दिसली. इथे धूळ असते, पण थोड्या धुळीने फोटोत फरक पडत नाही, फंगसने पडतो. बॉडी असेल तर अ‍ॅपर्चर एफ १६ इतकं बारीक करून मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढायचा, सेन्सरवरचे डाग लगेच कळतात. निकॉनच्या फोटोच्या माहितीत शटर किती वेळा उडालं तो आकडाही मिळतो. त्याच माहितीत बॉडीचा सीरियल नंबर असतो, तो तळाशी छापलेल्या नंबराशी जुळतो का ते बघायचं. ऑटोफोकस जवळून लांब, लांबून जवळ पळवायचा आणि आवाज ऐकायचा. यातली एकही गोष्ट लांबून नीट होत नाही.

जागा गर्दीची आणि उजेडाची निवडा. नवी पेठ किंवा पार्क चौकात दुपारी भेटा, नाहीतर सगळ्यात चांगलं म्हणजे कुणा ओळखीच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत. एकटं जाऊ नका. मोठी रोकड घेऊन जाण्याचं कारण नाही. यूपीआयची मर्यादा साधारणपणे दिवसाला एक लाखाची असते, तेवढ्यात बहुतेक लेन्स बसते.

एक फसवणूक मात्र समोरासमोरही गाठते, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. मधला भामटा खऱ्या विकणाऱ्याची जाहिरात उचलतो आणि तीच स्वस्तात स्वतःच्या नावाने टाकतो. घेणाऱ्याला म्हणतो, "माझा भाऊ वस्तू दाखवेल, त्याच्याशी पैशांचं बोलू नका, घरात वाद आहे." विकणाऱ्याला म्हणतो, "माझा माणूस बघायला येईल, किंमत त्याला सांगू नका." दोघे खरे, वस्तू खरी, भेटही खरी. घेणारा बघतो, खूश होतो आणि फोनवरच्या 'मालकाला' पैसे पाठवतो. मग विकणारा विचारतो, "माझे पैसे?" यावर उपाय सोपा आहे. भेटल्याबरोबर किंमत मोठ्याने बोलायची आणि पैसे समोर बसलेल्या माणसाच्याच खात्यात टाकायचे. "किंमत बोलू नका" असं कुणी म्हटलं की तो व्यवहार तिथेच सोडा.

निवड कमी असण्यावर माझा उपाय म्हणजे हुतात्मा एक्स्प्रेस. सकाळी सोलापुरातून निघते, संध्याकाळी पुण्याहून परत फिरते, मधली दुपार आपली. पुण्यात एकापेक्षा जास्त जाहिरातवाल्यांना भेटता येतं, एखादं दुकानही बघता येतं. काही हजारांच्या लेन्ससाठी हे परवडत नाही, हे खरं आहे. ५० एमएम एफ १.८ साठी कुणी पुण्याला जाऊ नये, ती इथेच मिळते. पण चाळीस-पन्नास हजारांच्या वस्तूवर तिकिटाचा खर्च मला तरी जड वाटत नाही.

विकतानाही माझा कौल समोरासमोरकडेच आहे. घासाघीस न करता, वस्तू न बघता लगेच "फायनल" म्हणणाऱ्या लांबच्या गिऱ्हाइकाला मी उत्तर देत नाही. समोर बसलेल्याने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तरी आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसल्याशिवाय वस्तू हातातून सोडायची नाही. मेसेजवरही जाऊ नका, तसा मेसेज कुणीही पाठवू शकतो. पेमेंट अडकलं तर चहा सांगा आणि दोघे थांबा. खरा गिऱ्हाईक थांबतो.

कॅमेऱ्याबरोबर कुणी जुना फोनही देत असेल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख नंबर काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीला गेला म्हणून बंद केलेला फोन तिथे कळतो. कॅमेऱ्यांसाठी अशी सोय नाही, म्हणून मूळ बिल किंवा निदान खोक्यावरचा नंबर बघायला मिळावा असा आग्रह धरा.

इतकं करूनही कुणाचे पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला कळलं तर ते गोठवता येतात, त्यामुळे पहिले काही तास मोलाचे असतात.

घाई असेल तर दुकान, घाई नसेल तर थांबून समोरासमोर, असं माझं झुकतं माप आहे. कुरिअर फक्त तिथे आपला माणूस असेल तरच. तुमची गरज वेगळी असू शकते, ती तुम्हीच जाणता. समोरासमोर केलंत तर उठण्याआधी एका साध्या कागदावर तारीख, वस्तूचं नाव, सीरियल नंबर, किंमत, पैसे कसे दिले आणि 'ही वस्तू माझ्या मालकीची आहे' एवढं लिहून घ्या. दोघांनी सही करायची आणि कागदाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवायचा.