कोथरूडमधील एक पॅथॉलॉजी लॅब: तपासणी चोख, तंत्रज्ञ मात्र अनामिक

आईच्या रक्ततपासणीसाठी आम्ही कोथरूडमधील एका खासगी लॅबची घरी येऊन नमुना घेण्याची सेवा घेतली. आलेल्या ताईंनी नाव आणि जन्मतारीख विचारून खात्री केली, नळ्यांवरची लेबले आमच्यासमोरच लावली. वेळ आणि दर यांविषयी तक्रार नाही.

लॅबचा खरा कस पुढे लागला. यंत्राने प्लेटलेटची संख्या फारच कमी दाखवली होती. परंतु तो आकडा तसाच न कळवता तेथील तंत्रज्ञ बाईंनी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात प्लेटलेटचे पुंजके आढळले. जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काही जणांच्या रक्तात असे पुंजके होतात आणि यंत्राला त्यांतील प्लेटलेट सुट्या मोजता येत नाहीत. त्यांनी स्वतः फोन करून हे समजावले, सायट्रेट हे दुसरे रसायन असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा नमुना मागवला आणि त्या नळीतील द्रवामुळे आकडा घटतो म्हणून आलेली संख्या १.१ ने गुणली. ती सामान्य निघाली. डेंग्यूच्या दिवसांत या दक्षतेचे मोल किती, हे निराळे सांगायला नको.

एवढे काम करणाऱ्या व्यक्तीचा अहवालात उल्लेखही नाही, हे मला खटकते. पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टची सही अहवालावर हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आणि ते रुग्णाच्या हिताचेच आहे. मात्र त्या सहीशेजारी तपासणी करणाऱ्याचे नाव आणि पद छापायला काय हरकत आहे? २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजिस्ट, सायटोटेक्नॉलॉजिस्ट (पेशींच्या तपासणीचे तंत्रज्ञ), हिस्टोटेक्नॉलॉजिस्ट (ऊतींच्या तपासणीचे तंत्रज्ञ) असे व्यवसाय परिशिष्टात स्वतंत्रपणे नोंदवले आहेत. येथे मात्र घरी येणाऱ्या ताई असोत की सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या तंत्रज्ञ, सर्वांच्या ओळखपत्रावर ‘लॅब स्टाफ’ एवढेच लिहिलेले. त्यामुळे कोणाचे शिक्षण आणि जबाबदारी काय, हे रुग्णाला उमगत नाही, आणि शंका कोणाला विचारावी हेही कळत नाही.

तपासणीच्या दर्जासाठी ही लॅब मी निःसंकोच सुचवेन. अहवालावर आणि ओळखपत्रावर प्रत्येकाचे पद व पात्रता नोंदवावी, अशी लेखी विनंती मी व्यवस्थापनाकडे केली आहे.